दोन शेजारी देश आणि माणसाच्या आयुष्याचे माप

(एका वस्तीतील वाचनालयात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



काही दिवसांपूर्वी कायद्याचे शिक्षण घेणारा आपल्यातीलच एक तरुण माझ्याकडे आला. श्रीलंकेतील माणूस भारतातील माणसापेक्षा अधिक वर्षे जगतो, असे कोठेतरी त्याच्या वाचनात आले होते. त्याने मला विचारले, "साहेब, हे खरे असेल तर तो देश बौद्ध आहे म्हणूनच ना?" हा प्रश्न विचारताना त्याच्या चेहऱ्यावर जो अभिमान होता तो मला समजला, त्या वयात तो माझ्याही चेहऱ्यावर असता. परंतु मी वकील आहे. आपल्याला प्रिय असलेला निष्कर्ष पुराव्याने शाबीत होतो की नाही, हे पाहिल्यावाचून त्यावर सही करण्याची मला सवय नाही. म्हणून मी त्याच्याकडे आठ दिवसांची मुदत मागितली. ह्या आठ दिवसांत जे वाचले, जे ताडून पाहिले, तेच आज तुमच्यापुढे मांडीत आहे. ते उत्तर त्या तरुणाला सर्वस्वी आवडले नाही. कदाचित तुम्हालाही आवडणार नाही. तरीपण ते ऐकून घ्यावे, अशी माझी विनंती आहे.

प्रथम वस्तुस्थिती पाहू. धनुष्कोडीपासून तलैमन्नारपर्यंतचे समुद्राचे पाणी अवघे तीस किलोमीटरांच्या आसपास आहे. ह्या किनाऱ्यावर भारत, त्या किनाऱ्यावर श्रीलंका. आपण एकशे चाळीस कोटींहून अधिक. ते सव्वादोन कोटींच्या आत. दोन्ही देशांवर इंग्रजांचे राज्य होते. आपण १९४७ साली सुटलो, ते १९४८ साली. पूर्वी देशाची प्रगती त्याच्या तिजोरीवरून मोजीत. १९९० साली महबूब उल हक ह्या पाकिस्तानी अर्थशास्त्रज्ञाच्या पुढाकाराने संयुक्त राष्ट्रांनी मानव विकासाचा अहवाल काढण्यास आरंभ केला आणि माणूस किती जगतो, किती शिकतो व त्याचे उत्पन्न किती, ह्या तिहींचे मिळून एक माप ठरविले. २०२५ साली प्रसिद्ध झालेल्या ह्या अहवालात श्रीलंकेचा क्रमांक ८९ वा आहे आणि भारताचा १३० वा. तेथील माणसाचे सरासरी आयुर्मान सुमारे ७७ वर्षे, आपले सुमारे ७२. तेथे एक लाख बाळंतपणांमागे मृत्यू पावणाऱ्या मातांची संख्या तीसच्या आतबाहेर असते. आपल्याकडे २०१८ ते २०२० ह्या काळात ती ९७ होती. तेथे पाच वर्षांखालील शंभर मुलांपैकी वाढ खुंटलेली मुले २०१६ च्या पाहणीत १७ आढळली. आपल्याकडे २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत ती ३५ हून अधिक होती.

तेव्हा त्या तरुणाच्या प्रश्नाचा पहिला भाग खरा आहे. आता दुसरा भाग तपासू. हे घडले कशामुळे?

श्रीमंतीमुळे घडले म्हणावे, तर दरडोई उत्पन्नात तो देश आपल्यापुढे आहे हे खरे. पण ज्या काळात तेथील मृत्यूचे प्रमाण झपाट्याने उतरले त्या काळी तोही गरीबच देश होता. धर्मामुळे घडले म्हणावे, तर धर्म तेथे दोन हजार वर्षांहून अधिक काळ आहे. परंतु १९३४-३५ च्या हिवतापाच्या साथीत त्याच बौद्ध देशात सुमारे ऐंशी हजार माणसे मेली. विहार तेच होते, भिक्खू तेच होते, त्रिशरण तेच होते. तरीही मुले तापाने फणफणून मरत होती. म्हणून जे कारण दोन हजार वर्षे हजर होते ते सोडून, नवे काय घडले ते शोधले पाहिजे.

नवे घडले ते असे. १९३१ साली डोनोमोर घटनेने सिलोनातील एकवीस वर्षांवरील स्त्री-पुरुषांना मताचा अधिकार मिळाला. त्या काळी आपल्याकडे काय होते? १९२८ साली सायमन कमिशनपुढे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी प्रौढ मताधिकाराची मागणी केली. परंतु १९३५ च्या कायद्यानेही मत मिळाले ते मालमत्ता, सारा किंवा शिक्षण असलेल्यांना. प्रत्येक प्रौढ माणसाला मत मिळून येथे पहिली निवडणूक झाली ती १९५१-५२ साली. म्हणजे सिलोनातील खेडुताच्या दारात मत मागावयास पुढारी आला, तो आपल्याकडील खेडुताच्या दारात येण्यापूर्वी वीस वर्षे.

दारात येणाऱ्या पुढाऱ्याला रिकाम्या हातांनी परत येता येत नाही. मत मिळाल्यावर तेथील लोकांनी शाळा मागितली, दवाखाना मागितला, तांदूळ मागितला. शिक्षणमंत्री कन्नंगरा ह्यांच्या समितीने १९४३ साली अहवाल दिला आणि १ ऑक्टोबर १९४५ पासून बालवर्गापासून विद्यापीठापर्यंतचे शिक्षण निःशुल्क झाले. इंग्रजांचे राज्य अद्याप गेले नव्हते, तोवर हे झाले! १९२६ साली कळुतर येथे पहिले आरोग्य केंद्र निघाले होते. त्याच धर्तीवर गावोगाव सरकारी सुईण नेमली गेली. सुमारे तीन हजार वस्तीमागे एक सुईण. ती गरोदर बाईच्या घरी जाते, तिची नोंद ठेवते, बाळंतपणानंतरही येत राहते. १९४६ पासून हिवतापाविरुद्ध फवारणी सुरू झाली. त्या वर्षी दर हजारी २० असलेले मृत्यूचे प्रमाण १९४७ साली १४ वर आले. सप्टेंबर २०१६ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने तो देश हिवतापमुक्त म्हणून जाहीर केला.

आणि हा मताचा धाक किती खरा होता ते पाहा. १९५३ साली पंतप्रधान डडली सेनानायक ह्यांच्या सरकारने तांदळावरील सवलत काढून घेतली. १२ ऑगस्टला देशभर हरताळ झाला, गोळीबार झाला, माणसे मेली. आणि दोन महिन्यांच्या आत पंतप्रधानांना पद सोडावे लागले. आपल्याकडे अन्न हा कायद्याने मागण्याचा हक्क २०१३ साली झाला.

आता आपले शिक्षणाचे प्रकरण पाहा. ते मी तुम्हाला वकिलाच्या नजरेने सांगतो. १८८२ साली हंटर कमिशनपुढे जोतीराव फुले ह्यांनी बहुजनांच्या प्राथमिक शिक्षणाची बाजू मांडली. १९११ साली गोखल्यांनी सक्तीच्या शिक्षणाचे विधेयक आणले. ते फेटाळले गेले. घटना तयार होत असताना ही तरतूद प्रारंभी मूलभूत अधिकारांच्या मसुद्यात होती. नंतर ती मार्गदर्शक तत्त्वांत गेली. कलम ४५ ने राज्याला दहा वर्षांची मुदत दिली. ती १९६० साली संपली. परंतु कलम ३७ सांगते की मार्गदर्शक तत्त्वांची अंमलबजावणी न्यायालयातून करून घेता येणार नाही. म्हणजे मुदत टळली, पण दावा लावावयास दारच नव्हते! १९९३ साली सर्वोच्च न्यायालयाने उन्नीकृष्णन खटल्यात ते दार थोडे उघडले. २००२ च्या शहाऐंशीव्या दुरुस्तीने कलम २१ अ आले. त्यावरील कायदा २००९ साली झाला आणि १ एप्रिल २०१० रोजी अमलात आला. तेथे १९४५, येथे २०१०. मधली पासष्ट वर्षे मोजा. त्या पासष्ट वर्षांत आपल्या किती पिढ्या शाळेच्या पायरीवरून परत फिरल्या, हे तुमच्या-माझ्या घरातील आईला विचारा. बाबासाहेबांनी १९४७ साली 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज' ह्या निवेदनात आर्थिक व्यवस्थाच घटनेच्या कायद्यात लिहावी असा आग्रह का धरला होता, ते ह्यावरून ध्यानात येईल. जे सरकारच्या मर्जीवर ठेवले जाते ते दुबळ्याच्या वाट्याला सर्वांत शेवटी येते.

येथवर ऐकून तो तरुण म्हणाला, "म्हणजे श्रीलंका आपल्यापुढे गेली, एवढेच ना?" मी म्हटले, "थांब. साक्ष अर्धी ऐकून निकाल देऊ नये." आता उलटतपासणी करू.

श्रीलंकेच्या मध्यभागी डोंगराळ प्रदेशात चहाचे मळे आहेत. १८६७ साली जेम्स टेलर ह्या स्कॉटिश माणसाने तेथे चहाची लागवड सुरू केली. ह्या मळ्यांवर राबावयास तमिळ प्रदेशातून मजूर नेले गेले. त्यांत बहुसंख्य कोण होते? परैयर, पल्लर, चक्किलियर. म्हणजे आपलीच माणसे. नाव निराळे, भाषा निराळी, पण गावकुसाबाहेरची. येथील जमीनदाराच्या तावडीतून सुटण्यासाठी ती समुद्र ओलांडून गेली आणि मळ्यांतील एका ओळीत बांधलेल्या अंधाऱ्या खोल्यांत जाऊन पडली. तेथे त्या खोल्यांना 'लाइन' म्हणतात. मुंबईची चाळ पाहिलेल्याला त्यांचे अधिक वर्णन करावयास नको.

१९४७ च्या निवडणुकीत ह्या मळेकामगारांनी आपले प्रतिनिधी संसदेत धाडले. देश स्वतंत्र झाला आणि त्याच वर्षी, १९४८ साली, नव्या सरकारने नागरिकत्वाचा कायदा केला. आपण व आपला बाप ह्या देशात जन्मलो ह्याचा पुरावा ज्याच्यापाशी नाही तो नागरिक नव्हे, अशी त्या कायद्याची रचना होती. मळ्यात जन्मलेल्या मजुराजवळ बापाच्या जन्माचा दाखला कोठून असणार? एका कायद्याने लाखो माणसे बिनदेशाची झाली. १९४९ च्या दुरुस्तीने त्यांचे मतही गेले. पुढे १९६४ साली सिरिमावो बंदरनायके आणि लालबहादूर शास्त्री ह्यांनी करार केला: पावणेदहा लाख माणसांपैकी सव्वापाच लाख भारताने घ्यावीत, तीन लाख सिलोनने ठेवावीत आणि दीड लाखांचा विचार मागाहून व्हावा. १९७४ साली ती दीड लाखही अर्धी-अर्धी वाटली गेली. गुरांचा वाटा करावा तसा माणसांचा वाटा झाला. त्यांना कोणी विचारले नाही, कारण ज्याला मत नाही त्याला विचारण्याचे कारण कोणास पडते? १९४७ नंतर मळेकामगारांचा निवडून आलेला प्रतिनिधी संसदेत पुन्हा दिसावयास १९७७ साल उजाडले. नागरिकत्वाचा प्रश्न मिटविणारा कायदा २००३ साली झाला.

आणि ह्या सर्व काळात निःशुल्क शिक्षणाचे काय झाले? मळ्यांतील शाळा बराच काळ मळेवाल्यांच्याच हाती राहिल्या. देशाची सुईण गावोगाव पोहोचली, ती मळ्यांत सर्वांत शेवटी पोहोचली. २०१६ च्या ज्या पाहणीत देशातील शंभरांपैकी १७ मुले खुरटलेली आढळली, त्याच पाहणीत मळ्यांतील शंभरांपैकी ३२ मुले तशी आढळली. हा आकडा नीट ध्यानात घ्या. श्रीलंकेतील मळेमजुराचे मूल आपल्या भारताच्या सरासरी मुलाजवळ येऊन उभे आहे. देश तोच, धर्म बहुसंख्यांचा तोच, तांदूळ तोच. फरक एवढाच की एकाला मागण्याचा अधिकार होता आणि दुसऱ्याचा तो कायद्याने काढून घेतला होता.

ह्याहून अधिक कटू असे आणखी एक सत्य मला सांगितले पाहिजे. श्रीलंकेत जातिभेद आहे. तेथील सियाम निकायात अठराव्या शतकापासून उच्च मानलेल्या गोयिगम जातीच्या लोकांनाच उपसंपदा देण्याचा प्रघात पडला. म्हणून इतर जातींच्या लोकांना ब्रह्मदेशात जाऊन दीक्षा घ्यावी लागली आणि १८०३ साली त्यांनी अमरपूर निकाय स्थापन केला. तमिळ भागातील अस्पृश्यता इतकी उघड होती की १९५७ साली सामाजिक निर्बंधांविरुद्ध कायदा करावा लागला, आणि तरीही १९६८ साली माविट्टपुरम येथील मंदिरात प्रवेश मिळविण्यासाठी दलितांना सत्याग्रह करावा लागला. १९५६ साली केवळ सिंहली भाषेला राजभाषेचे स्थान दिले गेले. १९८१ साली जाफन्याचे ग्रंथालय जाळले गेले. १९८३ ते २००९ पर्यंत यादवी युद्ध चालले. बुद्धाचे नाव घेणाऱ्या देशात हे झाले. १९५० साली बौद्धांच्या परिषदेसाठी बाबासाहेब स्वतः सिलोनला गेले होते. त्यांनी आपल्याला धम्म दिला तो देशाभिमानासाठी दिला नाही. स्वातंत्र्य, समता, बंधुता ही तत्त्वे आपण बुद्धापासून घेतली असे ते सांगत. मग ज्या बौद्ध देशात ही तत्त्वे मोडली जातात त्या देशाची वकिली करणे आपले काम नव्हे.

शिवाय जे मिळाले तेही टिकविल्यावाचून टिकत नाही. १२ एप्रिल २०२२ रोजी श्रीलंकेने परकीय कर्ज फेडता येत नसल्याचे जाहीर केले. पेट्रोलसाठी, गॅससाठी, औषधांसाठी रांगा लागल्या. जागतिक बँकेच्या अंदाजाप्रमाणे दारिद्र्यातील लोकसंख्येचे प्रमाण १३ टक्क्यांवरून एका वर्षात २५ टक्क्यांवर गेले. लोक रस्त्यावर आले आणि जुलैमध्ये राष्ट्राध्यक्षांना देश सोडून पळावे लागले. नोव्हेंबर २०२३ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने, ही आर्थिक पडझड ओढवून आणणाऱ्यांनी जनतेच्या विश्वासाचा भंग केला, असा निर्णय दिला. राज्यकर्त्याने देश बुडविला तर नागरिकाला न्यायालयात त्याचा जाब विचारता येतो, हे त्या निर्णयातून मला घेण्यासारखे वाटते.

आता आपल्या बाजूकडे वळू. आपले पारडे सर्वच बाबतींत हलके नाही. आपल्या घटनेने १९५० साली कलम ३२६ ने प्रत्येक प्रौढाला मत दिले. ज्यांना गावाच्या पाणवठ्यावर हात लावता येत नव्हता त्यांच्यासाठी विधिमंडळात जागा राखल्या. जे सिलोनात मळेमजुराचे झाले ते येथे आपले होऊ शकले नाही, ह्याचे कारण घटनेत लिहिलेला शब्द आहे. ही जमेची बाजू फार मोठी आहे.

तरी खर्चाची बाजू लपवून चालणार नाही. कोणी म्हणतील, श्रीलंका लहान, भारत अवाढव्य. तुलना कसली करता? त्यांना मी केरळ दाखवितो. केरळची वस्ती श्रीलंकेहून अधिक आहे, आणि २०१८ ते २०२० मध्ये तेथील मातामृत्यूचे प्रमाण लाखात १९ होते. त्याच वेळी आपल्या महाराष्ट्रात ते ३३ होते आणि आसामात १९५. एकाच घटनेखाली, एकाच झेंड्याखाली हे अंतर आहे. आणि आसामातही चहाचे मळे आहेत, हे विसरू नका! त्याहून मोठे अंतर एकाच गावात आहे. संयुक्त राष्ट्रांच्या महिलाविषयक संस्थेने २०१८ च्या अहवालात दाखविले की भारतातील दलित स्त्रीचे मृत्यूसमयीचे सरासरी वय उच्चवर्णीय स्त्रीपेक्षा १४.६ वर्षांनी कमी आहे. भारत आणि श्रीलंका ह्यांच्या आयुर्मानात अंतर पाच वर्षांचे. गावातील दोन आळ्यांच्या मध्ये चौदा वर्षांचे! मग खरे शेजारी देश कोणते, ते तुम्हीच सांगा.

म्हणून माझ्या अभ्यासाचा निष्कर्ष असा. सरासरी हा आकडा सभ्य असतो. तो शेवटच्या घरातील दुःख झाकून ठेवतो. देशाचे माप शेवटच्या घरावरून घ्यावे. आणि त्या शेवटच्या घरातील आयुष्य वाढते ते दयेने वाढत नाही, दानाने वाढत नाही, शासनाच्या धर्माच्या नावानेही वाढत नाही. ज्या गोष्टीवर त्या घराला कायद्याने दावा सांगता येतो तीच गोष्ट त्याच्या उंबरठ्याच्या आत येते. सिलोनच्या खेड्याने हे मिळवून दाखविले आणि सिलोनच्या मळ्याने हे गमावून दाखविले.

आपल्यापुरते ह्याचे आचरण कसे करावयाचे? एक ताजे उदाहरण देतो. शिक्षण हक्काच्या कायद्याने खाजगी शाळांतील २५ टक्के जागा दुर्बल घटकांतील मुलांसाठी ठेवल्या आहेत. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र शासनाने नियमांत बदल करून, जवळ सरकारी अथवा अनुदानित शाळा असल्यास खाजगी विनाअनुदानित शाळांना ह्या जबाबदारीतून मोकळे केले. काही पालक व संस्था न्यायालयात गेल्या. जुलै २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो बदल रद्द ठरविला. हजारो मुलांच्या जागा परत आल्या, कारण कोणीतरी अर्ज केला. अर्ज करणारा नसता तर त्या जागा गुपचूप गेल्या असत्या आणि आपण त्या वर्षीही मिरवणुकीच्या वर्गणीचा हिशेब करीत बसलो असतो.

तेव्हा तुमच्या वस्तीत ही चार कामे करा. गरोदर बायांची नोंद आरोग्य केंद्रात झाली आहे काय, ते विचारा. अंगणवाडीत मुलांचे वजन खरोखर घेतले जाते की वहीत नुसते लिहिले जाते, ते पाहा. शाळेत न जाणाऱ्या मुलांची यादी करा. आणि मतदारयादीत प्रत्येक प्रौढाचे नाव आहे ह्याची खात्री करा. जन्माचे, जातीचे, रहिवासाचे दाखले वेळेवर काढून ठेवा. सिलोनच्या मळेमजुराजवळ तो एक कागद नव्हता, म्हणून त्याच्या तीन पिढ्या वाया गेल्या. ही कामे करणारे तरुण प्रत्येक वस्तीत दोन निघाले तरी पुरेत. त्यांना कायद्याची माहिती लागेल ती फुकट देण्यास मी तयार आहे.

त्या तरुणाने शेवटी मला विचारले, "मग धम्माचा ह्यात काहीच संबंध नाही काय?" मी म्हणालो, "आहे. दुःख आहे, दुःखाला कारण आहे, आणि ते कारण दूर करता येते, हे आपल्याला तेथेच शिकावयास मिळाले. मळ्यातील आईचे दुःख आणि आपल्या वस्तीतील आईचे दुःख ह्यांचे कारण शोधून ते दूर करण्यास तू निघालास, की संबंध आला." दुसऱ्या आठवड्यात तो वस्तीतील शाळाबाह्य मुलांची यादी घेऊन आला. यादीत अकरा नावे होती. त्यांपैकी चार मुलांपाशी जन्माचा दाखला नाही. ते काम आम्ही हाती घेतले आहे.